छापून आलेली बस

बोरमाळवाडी,
दि. ४ ऑगस्ट

चि. मन्मथअप्पा यास भागम्माअक्काचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझा पेपर गुरुवारी पोचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. वाचायला काय, अठरा जणांचे वाढदिवस होते. अठराही जण गॉगल घालून, फोन कानाला लावून उभे. मला एक कळंना, वाढदिवसाच्या दिवशी ही माणसं एवढी कुणाशी बोलायलेत? बातमी शोधली तर तिसऱ्या पानावर कोपऱ्यात सापडली, ती पण गेल्या महिन्यातली. तरी पेपर धाडायचा बंद करू नको. तू पालमला, मी इकडं वाडीवर. तेवढाच दर आठ दिवसाला भावाचा हात लागल्यासारखं वाटतं.

इकडं सगळे खुशाल हायेत. अडचण एकच हाय, पण लय मोठी हाय. आपली धनश्री, पंकजची लेक, दहावीला सत्त्याऐंशी टक्के घेऊन पास झाली. तू स्वतः सत्काराला आला होतास, पोरीपेक्षा तुझेच फोटो जास्त निघाले. तिनं पालमला अकरावी सायन्सला नाव घातलं. सकाळी नऊची बस होती, म्हणून तर पंकज तयार झाला. वीस दिवस गेली, एकविसाव्या दिवशी बसच आली न्हाई. डेपोवाले म्हणतेत गाड्या कमी हायेत. आता पोरगी अडीच किलोमीटर चालत बोरमाळला जाते आणि तिथून जीपला लटकून पुढं. पंकजनं एकदा ती जीप डोळ्यांनी बघितली. पंधरा गडी आणि मधी ही एकटी. घरी आला तो जेवलाच न्हाई.

आता तो म्हणतोय, संक्रांतीपर्यंत बस सुरू झाली तर ठीक, न्हाई तर शाळा बंद. अहमदपूरकडचं एक स्थळ चालून आलंय. ते म्हणतेत पोरगी लहान हाय तर लग्न मागून करू, आधी साखरपुडा उरकून ठेवू. धनश्री नुसती पुस्तक उघडून बसते.

मन्मथ, मला सातवीनंतर घरी बसवलं आणि तुला सायकल घेऊन दिली. त्याचा राग मी कवाच सोडला. पण ह्या पोरीच्या बाबतीत मी गप बसणार न्हाई. डेपोला माझ्या हातानं दरखास्त लिहून धाडलीय. तू फक्त पेपरात छाप की बस बंद हाय. दोन ओळी बास झाल्या. एखादा वाढदिवस कमी कर.

कळावे. लोभ हाय तसाच राहू दे, आणि दोन ओळींचं विसरू नको.
तुझी अक्का


पालम,
दि. ११ ऑगस्ट

ती. भागम्माअक्काच्या पायी मन्मथचा सा. शरणार्थ, वि. वि.

तुझे पत्र पावले. पंकज विचारत होता म्हणे, मामा फोन का करत नाहीत. त्याला सांग, राजकारणात फोनवर बोललेला शब्द रेकॉर्ड होतो आणि ऐन निवडणुकीत बाहेर निघतो. कागदावरचं मात्र कुणी वाचत नाही, हा माझा चोवीस वर्षांचा संपादक म्हणून अनुभव आहे.

वाढदिवसांना तू हसलीस. हस बापडी. पण 'साप्ताहिक पालम डरकाळी' आज दिमाखात उभी आहे ती या गॉगलवाल्यांच्याच जीवावर. बातम्या काय, कुणीही देतं.

धनश्रीच्या बसचा प्रश्न मी अत्यंत गांभीर्याने घेतला आहे. मात्र बस बंद आहे असं छापता येणार नाही. अक्का, जरा समजून घे. यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट मलाच, असं आमच्या पक्षाच्या साहेबांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंय. तुला माझी कारकीर्द ठाऊक आहे. एकदा पंचायत समितीवर गेलो, दोनदा जिल्हा परिषदेला पडलो, आणि हा चौथा पक्ष. विरोधक म्हणतात मी पक्ष बदलतो. मी होतो तिथंच आहे गं, पक्षच एकेक करून माझ्यापासून सरकत गेले. आता जरा सत्तेतला पक्ष हाताशी लागलाय. आपलं सरकार असताना बस बंद कशी असेल? तसं छापलं तर तिकीट कापलं जाईल, आमच्याच पक्षातला तो दत्तराव त्या तिकिटावर टपूनच बसलाय.

तेव्हा बस बंद असल्याचं मी छापणार नाही, एकदम बस सुरू केल्याचंच छापीन. पुढच्या आठवड्यात साहेबांना घेऊन डेपोला निवेदन देतो. फोटोसकट बातमी लावतो. धनश्रीला म्हणावं, आजोबा खंबीर आहेत.

कळावे. लोभ आहेच, निवडणुकीपर्यंत तो थोडा वाढवावा ही वि.
तुझा धाकटा,
मन्मथ
(संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक)


बोरमाळवाडी,
दि. ६ सप्टेंबर

चि. मन्मथ यास अ. उ. आ.

निवेदन देतानाचा फोटो बघितला. कागद एक आणि धरणारे अकरा. साहेबाचा हात कुठला, तुझा कुठला काही कळंना. धनश्रीनं बोटं मोजली, एक बोट कुणाचं ते तिलाही लागलं न्हाई. सायन्सला असून लागलं न्हाई म्हणजे बघ.

पेपरच्या नावाचा रंग पुन्हा बदललास. तुझे सगळे अंक मी आतल्या खोलीत एकावर एक रचून ठेवलेत. बाजूनं बघितलं की पट्ट्यापट्ट्याची सतरंजी दिसते. ज्यांना तू दहा वर्षांमागं भ्रष्टाचाराचा भस्मासुर लिहिलं होतंस, तेच आता विकासाचा महामेरू झालेत. माणूस तोच, गॉगल तोच. तुझ्या हाताला काहीच वाटत न्हाई का रे लिहिताना?

बस आली न्हाई. धनश्री आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. तिच्या मास्तरांनी निरोप धाडला की प्रॅक्टिकल बुडायलेत, असंच चाललं तर परीक्षेला बसू देता येणार न्हाई. पंकज वाईट न्हाई मन्मथ. त्याला भीती वाटते, आणि जीप भीती वाटण्यासारखीच हाय. अहमदपूरच्या पाव्हण्यांचा फोन दर रविवारी येतो. तो संक्रांतीचं नाव सांगून टाळायलाय, पण किती दिवस टाळील.

निवेदन, फोटो, सगळं झालं. आता तेवढी बस आण.

कळावे, लोभ असू दे आणि रंग आता हाच राहू दे.
तुझी अक्का


पालम,
दि. ३ नोव्हेंबर, सोमवार

ती. अक्कास सा. शरणार्थ, वि. वि.

तोंड गोड कर! डेपोने मान्य केलं. परवा बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता बोरमाळवाडी फाट्यावर साहेबांच्या हस्ते बसला हिरवी झेंडी. मी साहेबांच्या उजव्या हाताला असेन. तू पुढे राहा, आरतीचं तबक घेऊन. धनश्रीला दहावीच्या सत्काराला घातला होता तो ड्रेस घालायला सांग, फोटोत चांगला येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाही तर तू पेपर वाचून मला नावं ठेवशील. आमचा अंक गुरुवारी निघतो, पण पानं परभणीला छापायला सोमवारीच जातात. त्यामुळे बुधवारच्या कार्यक्रमाची बातमी मी आजच लिहून भुजंगकडे दिली. भुजंग म्हणजे आमचा पानं लावणारा ऑपरेटर. बातमी झाल्यासारखीच लिहावी लागते, आमच्या धंद्यात असंच असतं. उद्घाटनाची बातमी उद्घाटनाआधी तयार नसेल तो संपादक कसला? चोवीस वर्षांत कधी चुकलं नाही. माणसं येतात, नारळ फुटतो, भाषणं तीच असतात.

तर बातमीत जनसागर उसळला आहे, त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांना फाट्यावर आण. आणि शेवटच्या परिच्छेदात तू आनंदाश्रू ढाळले आहेस. बुधवारी थोडे ढाळ, म्हणजे बातमी खोटी ठरणार नाही.

कळावे. भेटीअंती सविस्तर, आणि लोभ फाट्यावर.
तुझा मन्मथ


बोरमाळवाडी,
दि. १३ नोव्हेंबर

मन्मथ यास आशीर्वाद.

बुधवारी सकाळी आठपासून सगळी वाडी फाट्यावर होती. धनश्री तो ड्रेस घालून, दप्तर पाठीला लावून उभी. तिला वाटलं, झेंडी झाली की त्याच बसनं शाळेला जावं. दहा वाजले, अकरा वाजले. तबकातला दिवा दोनदा विझला. मग आमच्या शेजारच्या आश्रुबानं मोबाईलवर वाचून सांगितलं की मंगळवारी दुपारी चार वाजताच आचारसंहिता लागली, कार्यक्रम रद्द, नवीन बस पण रद्द. तुला मंगळवारी कळलं होतं ना रे? एक निरोप धाडायचा होता. पोरीनं घरी येऊन ड्रेस बदलला आणि जनावरांना पाणी पाजायला गेली.

गुरुवारी तुझा पेपर आला. त्यात बस आली होती.

काय थाटात आली होती! जनसागर उसळला होता, साहेबांनी झेंडी दाखवली होती, तुझं घणाघाती भाषण झालं होतं. मी वाडीतल्या सुलाबाईला वाचून दाखवलं. तिनं मला विचारलं की एवढं सगळं झालं तवा आपण कुठं होतो. आणि मी वयोवृद्ध भगिनी म्हणून रडले होते. बासष्ट वर्षांची मी, वयोवृद्ध काय रे मेल्या? मग तू काय पाळण्यात हायेस?

इथवर मी हसले. पण काल डेपोचं पत्र आलं, माझ्या दरखास्तीचं उत्तर. जसंच्या तसं उतरवून देते: "सदर मार्गावर बस सुरू झाल्याचे साप्ताहिक पालम डरकाळी, दि. ६ नोव्हेंबर मधील वृत्तावरून दिसून येते. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." बघितलंस? बस नव्हती तोवर माझी दरखास्त तरी चालू होती. आता बस पण न्हाई आणि दरखास्त पण न्हाई. धनश्री डेपोच्या साहेबाला भेटून आली. तो म्हणाला की छापून आलेलं खोटं हाय असं त्याच पेपरानं छापू द्या, म्हणजे फाइल पुन्हा उघडतो.

तर तू खुलासा छाप. बस आली न्हाई, एवढे तीनच शब्द. तुझ्या पाया पडायची वेळ माझ्यावर आणू नको.

कळावे. लोभाचं नंतर बघू.
अक्का


पालम,
दि. १८ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. शरणार्थ.

तू रागावली आहेस हे पत्राच्या मायन्यावरूनच कळलं. चूक झाली, मान्य. मंगळवारी चारनंतर मी साहेबांच्या बंगल्यावर तिकिटासाठी उभा होतो. बसचं लक्षात राहिलं नाही. छपाई होऊन गेली होती, अंक टपालात पडले होते.

तिकीट मिळालं! दत्तराव दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या पक्षातून माझ्याविरुद्ध उभा राहिला. आता तूच सांग, अशा वेळी मी खुलासा छापला तर तो चौकाचौकात वाचून दाखवील. सभेत माझं पहिलं वाक्यच बोरमाळवाडीच्या बसचं आहे. टाळ्या पडतात.

शिवाय खुलासा छापायची 'डरकाळी'ची परंपरा नाही. तुला आठवत असेल, एकदा मी एका जिवंत माणसाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. तो भांडायला आला. त्यालाही मी खुलासा दिला नाही, पुढच्या अंकात वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तो खूश होऊन गेला.

फक्त तीन आठवडे कळ काढ. निवडून आलो की पहिल्या दिवशी पहिली सही बसच्या कागदावर करीन. आणि अक्का, वाडीची दोनशे शहाऐंशी मतं माझी हक्काची आहेत, ती एकगठ्ठा बोरमाळच्या शाळेत पडली पाहिजेत. तुझा शब्द तिथं चालतो. माझी ही शेवटची संधी आहे गं. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. पुन्हा पडलो तर माझ्या पेपरात माझाच फोटो लावायला मला लाज वाटेल.

कळावे. लोभ मतदानाच्या दिवशी सकाळी लवकर दिसावा.
तुझा मन्मथ


बोरमाळवाडी,
दि. २६ नोव्हेंबर

ती. मन्मथआजोबांस धनश्रीचा सा. न.

तुमचे पत्र आजीने मला वाचायला दिले. तुम्ही उभे आहात याचा मला आनंद आहे. शाळेतल्या मैत्रिणी विचारतात की तुझे आजोबा ते बसवाले का. मी हो म्हणते आणि मग मला सांगता येत नाही की मी चार दिवस का आले नव्हते.

माझी सहामाही परीक्षा झाली. फिजिक्समध्ये वर्गात दुसरी आले. रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल दोन राहिलेत. सर म्हणाले जानेवारीत पुन्हा घेतील, पण रोज यावे लागेल. बाबांना रोज या शब्दाचीच भीती वाटते. परवा पाव्हणे येऊन आमचे घर बघून गेले. मला चहा न्यायला सांगितले होते. मी नेला.

आजोबा, मी हट्ट करत नाही. तुम्ही भाषणात जे सांगायचे ते सांगा. फक्त आतल्या पानावर, अगदी लहान अक्षरात, खुलासा छापा. तुम्हीच आजीला लिहिले होते की कागदावरचे कुणी वाचत नाही. डेपोवाले तेवढे वाचतात.

उत्तराची वाट पाहते. लोभ आहे हे मला माहीत आहे.
आपली नात,
धनश्री


बोरमाळवाडी,
दि. ८ डिसेंबर

चि. मन्मथ यास अ. उ. आ.

धनश्रीनं तुला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं ते पाम्पलेटवर. तिचा सत्काराचा फोटो, खाली 'बस आली, लेक शिकली', आणि बाजूला हात जोडून तू. पोरगी बघून हसली. मी म्हटलं रडली असती तर बरं झालं असतं.

काल मतदान झालं. कसं झालं ते तुला दुसऱ्याकडून कळायच्या आधी मीच लिहिते.

दरवेळी आमी बोरमाळच्या शाळेत चालतच जातो, अडीच किलोमीटर काही लांब न्हाई. ह्यावेळी सकाळी सातलाच सगळी वाडी न्हाऊन-धुऊन फाट्यावर आली. म्हातारे काठ्या टेकत आले, सुना लेकरं कडेवर घेऊन आल्या. हातात मतदानाची चिठ्ठी आणि तुझं पाम्पलेट. तुझ्या बसची वाट बघत बसलो. नऊ वाजले, बस आली न्हाई. कुणीतरी म्हणालं जरा उशीर होतोच एसटीला.

दहाला तुझी जीप आली न्यायला. आश्रुबानं हात जोडून परत धाडली. तो म्हणाला की अप्पांनी एवढी बस सुरू केलेली असताना जीपमध्ये बसलो तर अप्पांचा अपमान होईल. दुपारी तुझा कार्यकर्ता घाम पुसत आला. त्यानं कानात सांगितलं की बस-बिस काही न्हाई, चालत चला. सुलाबाईनं पाम्पलेट त्याच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, मग हे खोटं हाय का. आमच्यातच बसून त्यानं भाकरी खाल्ली आणि गेला. दत्तरावचे लोक पण आले होते, त्यांना पण आमी हेच सांगितलं. बसनं येतो म्हणालो.

साडेपाचला मतदान संपलं. आमी उठलो, लेकरं गोळा केली आणि घरी आलो. दोनशे शहाऐंशीतलं एक पण मत पडलं न्हाई.

मी कुणाला मत देऊ नका म्हणाले न्हाई मन्मथ. बसवेश्वराची शपथ. मी एवढंच म्हणाले की माझ्या भावानं छापलंय, तर जरा वाट बघू.

कळावे. लोभ कमी झालेला न्हाई, तुला पटणार न्हाई तरी लिहिते.
तुझी अक्का


पालम,
दि. १२ डिसेंबर

भागम्माअक्कास,

एकशे बारा मतांनी पडलो. निकाल तुला कळला असेलच. दत्तरावच्या मिरवणुकीनं माझ्या कचेरीसमोर मुद्दाम अर्धा तास ढोल वाजवला. गुलालानं माझी पाटी लाल झाली. साहेबांचा फोन लागत नाही, लागला तर ते मीटिंगमध्ये असतात.

एकशे बारा! आणि तुझ्या एका वाडीत दोनशे शहाऐंशी. परक्यानं गळा कापला असता तर मी अग्रलेख लिहिला असता. सख्ख्या बहिणीनं फाट्यावर बसून माझा गळा कापला, तो मी कुठं छापू? माझी चोवीस वर्षांची तपश्चर्या तू एका दिवसात

दि. २० डिसेंबर

वरचं इथवर लिहिलं आणि पुढे जाईना. आठ दिवस कागद टेबलावर पडून होता. फाडणार होतो, पण तसाच पाठवतो. माझा राग तुला कळला पाहिजे, तो खरा होता.

सोमवारी सकाळी मी डेपोत गेलो. पराभवाचं खापर फोडायला कुणीतरी हवं होतं, म्हटलं डेपोवाल्यांना झाडावं. तिथल्या कारकुनानं शांतपणे तुझ्या अर्जाची फाइल काढून पुढे ठेवली. आत माझ्या बातमीचं कात्रण होतं, कोऱ्या कागदावर नीट चिकटवलेलं, वर गोल शिक्का, खाली डेपोच्या साहेबाची सही. तो अदबीनं म्हणाला की त्याच्या नोकरीत 'डरकाळी'ची बातमी पुरावा म्हणून जोडल्याची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं मी गटारीवर लिहिलं, शाळेच्या छतावर लिहिलं, त्याचं कात्रण कुणी कापलं नाही. सरकारनं माझ्या एकाच बातमीवर विश्वास ठेवला, आणि ती ही.

मी तिथल्या बाकावर बसलो. तुला सातवीनंतर शाळेतून काढलं त्या दिवशी मी नव्या सायकलवर गल्लीत चकरा मारत होतो आणि तू ओट्यावर उभी होतीस. मला वाटायचं तू माझी सायकल बघतेस. डोळ्यांना पाणी आलं अक्का. हे छापण्यासाठी लिहिलेलं नाही.

परवाच्या गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर, वाढदिवस काढून, मोठ्या अक्षरात पुढील मजकूर दिला आहे:

"खुलासा. दि. ६ नोव्हेंबरच्या अंकात बोरमाळवाडीस बस सुरू झाल्याचे वृत्त आम्ही दिले होते. बस आलेली नाही. जनसागर उसळलेला नाही. साहेब आले नव्हते. संपादकही गेले नव्हते. त्यांच्या भगिनी रडल्या नाहीत व त्या वयोवृद्धही नाहीत. चूक आमची आहे. संपादक."

भुजंगनं दोनदा फोन करून विचारलं की हे नक्की असंच लावायचं का, त्याच्याकडे खुलाशाचा नमुनाच नव्हता. अंक सगळा खपला. असं प्रथमच झालं. दत्तरावच्या माणसांनीच शंभर नेले. बारा वाढदिवसवाल्यांनी पुढच्या जाहिराती काढून घेतल्या, आणि साहेबांनी मला पक्षातून काढल्याचं कळतं. या वेळी मात्र मी सरकलो नव्हतो.

कळावे. लोभ मागण्याचं तोंड नाही, तरी मागतो.
मन्मथ


बोरमाळवाडी,
दि. १३ जानेवारी

चि. मन्मथअप्पा यास अक्काचे लय लय आशीर्वाद.

खुलासा वाडीत घरोघर वाचला गेला. आश्रुबानं आपल्या दुकानाच्या दाराला चिकटवला. धनश्रीनं तो जोडून नवी दरखास्त केली आणि स्वतः नेऊन दिली. पाचव्या तारखेला डेपोचं पत्र आलं, सोमवारपासून नऊची बस. ते तू लगेच पेपरात छापलंस, आणि तिथंच घोटाळा झाला बघ. सोमवारी फाट्यावर कुणीच आलं न्हाई. पेपरात आलंय म्हटल्यावर सगळे आपापल्या रानात निघून गेले. मी आणि धनश्री, दोघीच. खरं सांगते, मला पण भरवसा नव्हता. पोरगी एकटी उभी राहू नये म्हणून गेले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. झेंडी न्हाई, हार न्हाई, नुसती धूळ उडवत आली आणि थांबली. कंडक्टरनं विचारलं की वाडीत माणसं राहत न्हाईत का. मी सांगितलं, आज त्यांनी वाचलंय, उद्या बघितलं की येतील. धनश्री चढली, खिडकीला बसली आणि पुस्तक काढलं. मागं वळून सुद्धा बघितलं न्हाई पोरीनं. मला लय बरं वाटलं.

तू गळा कापला म्हणालास, ते वाचून मी दोन दिवस नीट जेवले न्हाई. मन्मथ, चोवीस वर्षांत तू कुठल्या पण पक्षात गेलास तरी मी तुझ्याशिवाय दुसऱ्याला मत दिलं न्हाई. त्या दिवशी पण दिलं न्हाई. साडेपाचला फाट्यावरून मी सगळ्यांच्या शेवटी उठले. तुला पाडायला बसले होते म्हणून न्हाई, तू अजून येशील आणि खरं सांगशील असं शेवटपर्यंत वाटत होतं म्हणून.

काल पाव्हण्यांचा फोन आला होता. संक्रांत झाली की बोलणी करायला येतो म्हणत होते, सकाळीच निघतो म्हणाले. फोन पंकजनं घेतला. मी चुलीपाशी कान देऊन बसले होते. तो म्हणाला की येऊ नका, पोरगी सापडायची न्हाई, सकाळी तिची बस असते.

कळावे. लोभ होता तेवढाच हाय.
तुझी अक्का